तीन लिटरचा कुकर : घटस्फोटानंतरच्या लहान घराला पुरतो का?

एका घराची दोन घरं झाली म्हणून खर्च निम्मा होत नाही. भाडं दोन जागी, वीज दोन जागी, गॅस दोन जागी, आणि मिळकत तेवढीच किंवा त्याहून कमी. भाड्याचा आकडा आपल्या हातात नसतो, वकिलाच्या फीचा नसतो, पोटगी ठरलेल्या तारखेला जमा होईल याचाही भरवसा नसतो. रोज हातात राहतं ते स्वयंपाकघर. म्हणून वेगळं झाल्यावर पहिल्यांदा पैसे कशात घालावेत असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर ठरलेलं आहे : तीन लिटरचा प्रेशर कुकर. ओव्हन, टोस्टर, मिक्सर थांबू शकतात. कुकर थांबवला तर थकून घरी आल्यावर बाहेरून मागवलं जातं, आणि लहान मिळकतीला सगळ्यात मोठं भोक तिथेच पडतं.

हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही. मापाचं, झाकणाच्या जातीचं आणि धातूचं आहे, कारण कुकर फसतो तो बहुतेक वेळा या तिघांपैकी एकात चूक झाल्यामुळे.

आधी माप. सामानाची वाटणी होते तेव्हा सहसा पाच लिटरचा जुना कुकर यादीत असतो आणि त्याच्यावर जीव अडकतो. तो सोडून द्यावा, असं आम्ही मनापासून सांगू. त्याने इंधन फार जास्त जळतं असं नाही. अर्धा किलो जादा ॲल्युमिनियम २० अंशांवरून १२० अंशांवर न्यायला साधारण ४५ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे मिलिलिटर पाणी उकळीला येईल. रोजचा फरक एवढाच. खरं नुकसान हाताचं असतं. चौघांच्या मापाला सरावलेला हात मोठं भांडं समोर दिसलं की आपोआप दोन मुठी जास्त टाकतो. पहिल्या काही महिन्यांत लहान घरात जेवढं अन्न टाकून द्यावं लागतं, त्याच्या मुळाशी बहुधा ही सवय असते. भांडं लहान झालं की हात लवकर ताळ्यावर येतो.

मग दोन लिटरचा का नको? एकट्या माणसाला तो पुरतो, पण अगदी काठावर. कडधान्य, डाळ, तांदूळ असे फेसाळणारे आणि फुगणारे जिन्नस कुकरच्या निम्म्यापर्यंतच भरायचे असतात, बाकीचं दोन तृतीयांशापर्यंत. दोन लिटरच्या कुकरात निम्मं म्हणजे एकच लिटर. भिजवलेलं कडधान्य आणि पाणी मिळून कोरड्या दोनशे ग्रॅमच्या पुढे जाता येत नाही. शिवाय एकावर एक दोन डबे बहुतेक दोन लिटरच्या कुकरात बसत नाहीत, म्हणजे एकाच आचेवर दोन जिन्नस शिजवायचा मोठा फायदा गेला. मुलं आठवड्यातले काही दिवस एका घरी आणि काही दिवस दुसऱ्या घरी राहत असतील तर दोन लिटरवाला त्या दिवशी दोनदा लावावा लागतो.

तीन लिटरच्या कुकरात निम्मं म्हणजे दीड लिटर. कोरडे तीनशे ग्रॅम हरभरे रात्रभर भिजून साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास होतात. त्यात सातशे मिलिलिटर पाणी घातलं तरी रेषेच्या खालीच राहतात. शिजून साधारण पाऊण किलो भरतात. एकट्याला हे पाच-सहा वेळचं, एक मोठं माणूस आणि दोन मुलं असली तर दोन वेळचं. एकाच भांड्यात एकट्याचा दिवसही निभावतो आणि भरलेल्या घराचा दिवसही.

मात्र तीन लिटर म्हटलेले सगळे कुकर सारखे नसतात. उभट असतो त्यात दोन डबे एकावर एक बसतात. पसरट असतो त्यात एकच, तोही बुटका. डब्यांसाठी उभटच घ्यावा. आणि झाकण आत बसणारा प्रकार असेल तर पोटाचा व्यास बघून डबे घेऊ नयेत, तोंडाचा व्यास मोजावा, कारण अशा कुकरचं तोंड पोटापेक्षा अरुंद असतं. कुकर आणि डबे वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतले की ही चूक हमखास होते : डबा मावण्याएवढी जागा आत आहे, पण डबा आत जातच नाही.

आता झाकण. बाहेरून बसणारं झाकण फिरवून खाचांत अडकतं. आतून बसणारं झाकण तिरकं करून आत घालायचं, सरळ करून वर ओढायचं आणि दांडा अडकवायचा. पहिल्या आठवड्यात हाताला त्याचं वळण पडत नाही, काही जणांचा जीव मेटाकुटीला येतो. तरीही एकट्याने घर चालवणाऱ्याला आम्ही आतून बसणारंच सुचवू. आत दाब असला की तोच दाब झाकणाला आतून काठावर दाबून धरतो, त्यामुळे वाफ पुरती उतरल्याशिवाय ते निघत नाही. घाईत, फोन कानाला लावून, रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन कुकर उघडणाऱ्याला हे संरक्षण फार मोलाचं आहे. बाहेरच्या झाकणाचीही बाजू आहे : तोंड रुंद, धुवायला सोपं, डबे सरळ आत जातात. मनगटात जोर कमी असेल किंवा बोटं आखडत असतील तर तोच घ्यावा, पण दाब असताना झाकण फिरणार नाही असं कुलूप त्याला आहे ना, ते दुकानात विचारून घ्यावं.

धातूचा निर्णय चूल ठरवते. नव्या जागेत गॅस मिळणार की इंडक्शन, हे कळल्याशिवाय कुकर घेऊ नये. ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त, उष्णता भराभर पसरवणारं. गॅसवर त्याला तोड नाही. पण साधं ॲल्युमिनियम इंडक्शनवर तापतच नाही. साधी परीक्षा म्हणजे लोहचुंबक : बुडाला घट्ट चिकटला तर चालेल, नाहीतर नाही. स्टील उष्णता फार सावकाश पसरवतं, म्हणून नुसत्या पातळ स्टीलचा कुकर घेऊच नये. आचेच्या वर्तुळाएवढाच भाग करपतो. स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती दाबलेलं बूड हवं. ते कडेने बघितलं तर जाडी डोळ्यांना दिसते. गॅस आज आहे पण वर्षभरात जागा बदलायची शक्यता आहे, अशा माणसाने सुरुवातीलाच थोडे जास्त पैसे घालून असा स्टीलचा घ्यावा. घटस्फोटानंतरची पहिली जागा शेवटची जागा क्वचितच असते.

ॲल्युमिनियमला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक खाण्याचा सोडा आणि तीव्र क्षार असलेली भांडी धुण्याची पावडर. त्याने पत्रा काळवंडतो आणि खरवडला जातो. दुसरी म्हणजे आंबट किंवा खारट पदार्थ रात्रभर तसाच ठेवणं. त्याने टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. डब्यांत शिजवताना बुडातल्या पाण्याने आतून जो काळा थर येतो, तो पाण्यातल्या क्षारांमुळे येतो आणि त्याने काही बिघडत नाही. पाण्यात लिंबाची पिळलेली साल टाकली की तो येत नाही.

वीज असलेला मल्टिकुकर भाड्याच्या एका खोलीत, जिथे चूल लावायलाच बंदी आहे, तिथे कामाचा आहे. इतरांनी त्यात पैसे गुंतवू नयेत. आतला लेप खरवडला किंवा सर्किट गेलं की दुरुस्ती परवडत नाही. साध्या कुकरचे झिजणारे भाग मोजून तीन, आणि तिन्ही घरी बदलता येतात.

बचत कुठून होते ते नीट समजून घेतलं नाही तर कुकर असूनही इंधन वाया जातं. घरगुती कुकरात हवेच्या दाबावर आणखी साधारण तेवढाच दाब चढतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून वीस अंशांत वेळ पाव होतो. १६७९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ याने लंडनमध्ये हाडं मऊ करणारं वाफेचं भांडं बनवलं आणि त्याला सुरक्षेची झडप बसवली. तत्त्व अजून तेच आहे. मुद्दा असा की एकदा पूर्ण दाब आला की तापमान तिथेच राहतं. मोठी आच ठेवून ते वाढत नाही, फक्त वाफ बाहेर जाते. आणि वाफ फार महाग असते. एक लिटर पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला ३३५ किलोज्यूल लागतात. तेच लिटरभर पाणी वाफ करून उडवायला सुमारे २,२५० लागतात. म्हणजे शिट्ट्यांतून शंभर मिलिलिटर पाणी उडालं तर तेवढ्या उष्णतेत दुसरं साडेसहाशे मिलिलिटर पाणी उकळलं असतं.

म्हणून शिट्ट्या मोजणं सोडावं आणि घड्याळ बघावं. शिट्टी किती वेळाने होते हे आचेवर अवलंबून असतं. सहा शिट्ट्या मोठ्या आचेवर पाच मिनिटांत होतात, बारीक आचेवर वीस मिनिटांत. पहिली शिट्टी होईपर्यंत मोठी आच. शिट्टी झाली की आच इतकी बारीक करायची की कुकर नुसता बारीक फुसफुसत राहील. तिथून वेळ मोजायची : तांदळाला तीन ते पाच मिनिटं, फोडलेल्या डाळीला सहा ते आठ, अर्ध्या कापलेल्या बटाट्यांना आठ ते दहा, भिजवलेल्या हरभऱ्यांना पंधराच्या आसपास. मग आच बंद करून वाफ आपोआप उतरेपर्यंत हात लावायचा नाही. ती आठ-दहा मिनिटंही शिजण्याचीच असतात आणि त्यांना इंधन लागत नाही. या काळात कुकर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला तर उष्णता आणखी टिकते. टॉवेल आच बंद झाल्यावरच आणि चुलीवरून खाली उतरवल्यावरच गुंडाळायचा.

एकट्यासाठी दोन डब्यांचं माप असं. दीडशे मिलिलिटरची वाटी धरली तर कुकरच्या बुडाशी दोन वाट्या पाणी आणि जाळी. खालच्या डब्यात अर्धी वाटी डाळ, दीड वाटी पाणी. वरच्यात अर्धी वाटी तांदूळ, एक वाटी पाणी. डाळ खाली, कारण तिला उष्णता लवकर आणि जास्त मिळायला हवी. वेळ डाळीच्या हिशेबाने धरायची. डब्यातला तांदूळ तेवढ्याने गिच्च गोळा होत नाही, कारण तो त्याच्या वाट्याच्या पाण्यापलीकडे पाणी पिऊ शकत नाही. वरच्या डब्यावर झाकणी हवीच, नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून माप बिघडतं. दोघांसाठी जिन्नस दुप्पट करायचे. बुडातलं पाणी मात्र तेवढंच, कारण ते माणसांच्या हिशेबाने नाही, वेळेच्या हिशेबाने लागतं.

कडधान्य शिजत नाही म्हणून कुकरला दोष देणारे पुष्कळ असतात, आणि दोष बहुतेकदा दुसरीकडे असतो. आंबट पदार्थ आधी घातला तर साल मऊ होत नाही. टोमॅटो, चिंच, लिंबू हे शिजल्यानंतरच. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमने दाणे टणक राहतात. आरओ फिल्टरचं पाणी वापरून बघावं. दाणेच जुने असतील, वर्ष-दोन वर्षं उबदार, दमट जागी पडलेले, तर किती शिजवले तरी मधला गोटा राहतो. मिळकत तुटपुंजी असताना एकदम पाच किलो घेतलेलं स्वस्त पडतं असं वाटतं, पण लहान घरात ते संपेपर्यंत शेवटचे दोन किलो असे झालेले असतात. एक किलो घ्यावं, संपल्यावर पुन्हा घ्यावं.

राजम्याबद्दल वेगळं सांगायला हवं. कच्च्या राजम्यात लेक्टिन हे विषारी प्रथिन असतं, त्याने जोराच्या उलट्या होतात. ते भिजवून, पाणी फेकून, किमान दहा मिनिटं खळखळून उकळल्यावर नष्ट होतं. कुकरच्या दाबाखाली हे काम होतंच. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, जिथे तापमान ऐंशीच्या आसपास रेंगाळतं, तिथे होत नाही. बचतीसाठी असं भांडं कुणी भेट दिलं असेल तर राजमा त्यात कच्चा टाकू नये.

बिघाड येतो तो बहुतेक वेळा झाकणाच्या रबरी रिंगमधून. शिट्टी होत नाही, वाफ काठाने निघते, झाकणाखाली थेंब जमून ओघळतात. रिंग काढून दोन बोटांत दुमडावी आणि उजेडात बघावी. आतल्या कडेला केसासारख्या बारीक भेगा दिसतील, किंवा सोडल्यावर ती सावकाश, अडखळत गोल होईल. दोन्हीचा अर्थ रबर मेलेलं आहे. ताण गेलेली रिंग काही वेळ बर्फाच्या कप्प्यात ठेवली की आकसते आणि दोन-चार वेळा चालते, पण तो उपाय नवी आणायला जाईपर्यंतचाच. रोज वापर असेल तर वर्षाला एक रिंग धरून चालावं. तिचं आयुष्य वाढतं ते प्रत्येक वेळी काढून, धुऊन, सुकवून ठेवल्याने. झाकण लावून ठेवलेल्या कुकरात ती दाबलेली आणि ओली राहते आणि लवकर जाते. कुकर ठेवताना झाकण उलटं ठेवावं.

रिंग चांगली आहे तरी शिट्टी होत नसेल तर शिट्टीची नळी बघावी. झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का ते प्रत्येक वेळी लावण्याआधी बघावं; दोन सेकंदांचं काम. डाळीचा फेस वाळून तिथे बसतो. सुईने किंवा बारीक तारेने तो निघतो.

सुरक्षेची झडप बहुतेक कुकरांत लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूची असते. पाणी संपून कुकर कोरडा तापला, किंवा नळी बुजली, की ती वितळते आणि वाफ तिथून सुटते. ती गेली म्हणजे तिने काम केलं. तिच्या जागी नाणं, खिळा, चिकटपट्टी किंवा दुसऱ्याच कंपनीची बसेल तशी झडप लावून भागवू नये. काटकसरीची हद्द इथे संपते. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची झडप घ्यावी, आणि पाणी का संपलं ते शोधावं : बहुधा काठाने गळणारी रिंगच निघते.

जुना कुकर विकत किंवा कुणाकडून फुकट मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण तपासून. काठावर बोट फिरवावं. जिथे चेमटलेलं लागेल तिथून वाफ जाणार. बुडावर पट्टी आडवी धरावी. मध्ये फुगलेलं असेल तर इंडक्शनवर निरुपयोगी, गॅसवर डळमळणारा. दांड्याचे स्क्रू घट्ट होतात का, की आटे गेलेले आहेत? मग अर्धा लिटर पाणी घालून चुलीवर चढवायला सांगावं. पूर्ण दाब येऊन शिट्टी झाली आणि काठ कोरडा राहिला, तर घ्यावा. रिंग आणि झडप तरीही नवीच बसवायची. त्या मॉडेलचे सुटे भाग बाजारात मिळत नसतील तर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

शिजवून ठेवायच्या अन्नाबद्दल काटेकोर राहावं, कारण एकदा पोट बिघडलं तर बुडालेली मजुरी आणि औषधं मिळून महिन्याची बचत जाते. शिजलेला भात सगळ्यात नाजूक. त्यातले काही जिवाणू शिजल्यावरही बीजरूपाने जिवंत राहतात, आणि भात खोलीच्या तापमानाला राहिला की वाढून विष तयार करतात, जे पुन्हा तापवूनही जात नाही. कुकरातच रात्रभर ठेवणं म्हणूनच वाईट : बंद भांड्यात तो तासन्‌तास कोमट राहतो. पसरट डब्यात काढून तासाभरात गार करावा, फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा. शिजलेलं कडधान्य फ्रिजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं, बर्फाच्या कप्प्यात वेळेच्या मापाने पुड्या करून ठेवलं तर महिनाभर. फ्रिज अजून आलेला नसेल तर साठवायचा विचारच सोडावा आणि एकावेळचंच शिजवावं; त्यासाठीही तीन लिटरचा कुकर दोन डब्यांनिशी लावणं सोपं जातं.

घेतानाच एक जादा रिंग आणि एक झडप सोबत घ्यावी. पाकिटावर मॉडेलचं नाव आणि बसवल्याची तारीख पेनने लिहून ते पाकीट डब्यांच्या कप्प्यात ठेवावं. रिंग लिटरच्या आकड्यावरून मागू नये. एकाच कंपनीच्या उभट आणि पसरट तीन लिटरच्या रिंगा वेगळ्या असू शकतात. जुनी रिंग हातात घेऊनच दुकानात जावं.